मानेतल्या गाठी, चिनी वैद्यक आणि ‘२१ दिवसांचा’ उपाय: एक प्रतिवाद

एक आरोग्य-फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. शब्द बदलतात, फोटो बदलतात, गाभा तोच राहतो. तो असा: चिनी वैद्यकाला ५,००० वर्षांपासून लिम्फ (लसिका, म्हणजे शरीरातल्या पेशींभोवतालचा पातळ द्रव) ठाऊक आहे. मानेत, काखेत, जांघेत गाठ येते ती लिम्फ तुंबून, तिच्यात विषारी कचरा साचून. रोज सकाळी सहा ठिकाणी थापट्या मारा, मानेवर गुआ शाची पट्टी वरून खाली घासा, चमचाभर समुद्री शेवाळाची पूड कोमट पाण्यातून घ्या. २१ दिवसांत गाठ विरघळेल. सगळं वनस्पतीजन्य, त्यामुळे अपाय शून्य. आणि सुई टोचून तपासणी मुळीच करू नका, गाठ डिवचली की कॅन्सर पसरतो.

हा लेख चिनी वैद्यकाला नावं ठेवण्यासाठी नाही. तक्रार उलटी आहे: गाठींबद्दल चिनी ग्रंथांत जे खरोखर लिहिलंय, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने उघडूनही पाहिलेलं नाही. त्या वैद्यांनी पिढ्यान् पिढ्या डोकं लावलं ते एका प्रश्नावर. ही गाठ कुठल्या जातीची? तापलेली की थंड, सरकणारी की रुतलेली, आणि मुळात आपल्या हातची आहे का? फॉरवर्डमध्ये हा प्रश्नच नाही. तिथे सगळ्या गाठी एक आणि सगळ्यांवर औषध एक.

“चिनी वैद्यकाला ५,००० वर्षांपासून लिम्फ ठाऊक आहे”

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’. त्याचं संकलन हान राजवटीच्या काळातलं, म्हणजे फार तर दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यातल्या ‘लिंगशू’ या भागाच्या ७० व्या अध्यायात मान आणि काखेतल्या गाठींचा उल्लेख येतो. या गाठींना ‘लुओली’ म्हणतात. आपल्याकडे ज्याला गंडमाळ म्हणत आले तेच दुखणं. कारण दिलंय ते थंडी-तापाचं विष वाहिन्यांत अडकून राहिल्याचं. लसिकेचा, तिच्या नळ्यांचा, ग्रंथींच्या कामाचा तिथे मागमूस नाही.

त्याच अध्यायात रोगी वाचेल की नाही हे ओळखायची रीतही आहे. पापणी उलटी करून डोळ्यात लाल शीर बुबुळापर्यंत उतरलीय का ते पाहायचं. एक शीर दिसली तर वर्षात मृत्यू, दोन दिसल्या तर दोन वर्षांत, तीन दिसल्या तर तीन. (शिरा जास्त तर आयुष्य जास्त; हा हिशेब कसा बसवला ते ग्रंथकारच जाणोत.) पण त्याच्याच शेजारी एक फार नेमकं निरीक्षण आहे: गाठ वरवर आहे, आतल्या मांसाला चिकटलेली नाही आणि तिच्यात पू झालेला नाही, तर ती जाणं सोपं. आजही तपासताना डॉक्टर गाठ बोटाखाली सरकते का ते आधी पाहतात.

लसिकावाहिन्या दिसल्या त्या युरोपात. इटलीत गास्पारे आसेल्लीने १६२२ मध्ये कुत्र्याच्या आतड्यालगतच्या दुधाळ नळ्या पाहिल्या. पुढे १६५० च्या दशकात रुडबेक आणि बार्थोलिन यांनी शरीरभरच्या जाळ्याचं वर्णन केलं. हल्लीचे काही लेखक चिनी वैद्यकातली ‘सानजियाओ’ ही शरीरातल्या द्रवाच्या वाटेची संकल्पना म्हणजेच लसिकासंस्था असं सांगतात. पण ‘नानजिंग’ हा जुना ग्रंथ सानजियाओबद्दल म्हणतो की तिला नाव आहे, आकार नाही. आकारच नसलेल्या गोष्टीवर ६०० ग्रंथींचं जाळं चिकटवायचं, ही आजची हौस आहे.

“गाठ म्हणजे तुंबलेला विषारी कचरा”

शरीरात साधारण ६०० लसिका ग्रंथी असतात, त्यातल्या ३०० च्या आसपास एकट्या डोक्या-मानेच्या भागात. आपापल्या टापूतून येणारी लसिका त्या गाळतात, आणि जंतू सापडला की आतल्या पेशी भराभर वाढतात. ग्रंथी फुगते ती या वाढीमुळे. नळ बंद झाला म्हणून नव्हे.

आपल्याकडे हे गावोगाव ठाऊक आहे. पावसाळ्यात पायाला चिखल्या झाल्या, किंवा शेतात टाचेला काटा मोडला, की दोन दिवसांत जांघेत अवधाण येतं. जाणती म्हातारी जांघ चोळत बसत नाही. पायाची जखम धुते. कारण जखम बरी झाली की अवधाण आपोआप बसतं. मानेचंही तसंच. कानामागे किंवा मानेच्या मागे गाठी असतील तर डोक्यातल्या उवा, खवडे, केसतूड पाहावं. जबड्याखाली असतील तर किडलेली दाढ, हिरडी आणि घसा. कोपराच्या आतल्या अंगाला गाठ असेल तर त्या हाताची बोटं तपासावीत, मांजराने ओरखडलंय का ते विचारावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात जांघेतली गाठ थंडी वाजून ताप येऊन पुन्हा पुन्हा सुजत असेल, तर हत्तीरोगासाठी रात्रीच्या रक्ताची तपासणी करतात. रात्रीच, कारण त्याचे सूक्ष्म जंत रक्तात रात्री उतरतात.

चिनी वैद्यकाचं स्पष्टीकरण वेगळं आहे, पण तेही ‘कचरा’ नाही. त्यांच्या मते प्लीहेचं पचनाचं काम मंदावलं की ‘तान’ नावाचा दाट कफ तयार होतो. यकृताची ‘ची’, म्हणजे जीवनशक्ती, दबून राहिली की त्या कोंडीतून उष्णता होते. ती कफाला आटवते आणि तो मानेच्या बाजूने जाणाऱ्या वाहिन्यांत गोळा होतो. यातली प्लीहा आणि यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसणारे अवयव नव्हेत, कामांचे गट आहेत. शरीररचना म्हणून हे टिकत नाही. पण या चौकटीत बसून वैद्यांनी गाठींची जी वर्गवारी केली, ती मात्र डोळसपणे केलेली आहे.

पहिली जात ‘शिंगहे’. एक-दोन गाठी, अचानक आलेल्या, दुखऱ्या, सरकणाऱ्या, आणि जवळपास कुठेतरी मूळ: घसा, दात, कान, फोड. कारण ‘वारा-उष्णता’. यावर थंड गुणाच्या वनस्पतींचे काढे देतात, पण मूळ जखमेकडे लक्ष देऊनच. हे थेट आपलं अवधाण.

दुसरी ‘लुओली’. सुरुवातीला पावट्याच्या दाण्याएवढी, न दुखणारी, कातडीचा रंग न बदललेला. मग एकीच्या चार होतात, माळेसारख्या ओळीने. काही महिन्यांनी एकमेकींना चिकटतात, वरची कातडी जांभळट आणि पातळ होते, फुटली की पातळ पू आणि त्यात पनीरच्या चुऱ्यासारखे कण. एक तोंड भरतं तर शेजारी दुसरं फुटतं. मानेतल्या क्षयाच्या गाठी कुणी पाहिल्या असतील तर हे वर्णन वाचून तो मान डोलावेल. यावर चिनी वैद्य टप्प्याटप्प्याने औषध बदलतात: आधी यकृताची कोंडी सोडवणारं आणि कफ उतरवणारं, मधल्या काळात पू बाहेर आणणारं, शेवटी फुफ्फुस-वृक्काची झीज भरून काढणारं. आणि आज चीनमध्ये शिकवली जाणारी पारंपरिक शल्यवैद्यकाची पाठ्यपुस्तकं लुओली म्हणजे मानेच्या ग्रंथींचा क्षय असं लिहून त्याखाली क्षयरोगाच्या गोळ्याही नोंदवतात. फॉरवर्डवाल्याला हे सांगायला हवं.

तिसरी ‘शीरोंग’. १६१७ मध्ये चेन शिगोंग या मिंगकालीन शल्यवैद्याने आपल्या ग्रंथात तिचं वर्णन केलं: आधी किंचित सूज, रंग तोच, दिवसेंदिवस वाढते, दगडासारखी होते, ढकलली तर हलत नाही. या रोगाचे जे रुग्ण पाहिले ते गेले, असं तो आडपडदा न ठेवता लिहितो. त्याने औषध दिलंय, पण बरं होईल असं वचन दिलेलं नाही. पुढे छिंग काळातल्या वैद्यांनी या गाठीला चार असाध्य रोगांत बसवलं, स्तनाच्या आणि जिभेच्या कर्करोगाच्या पंक्तीला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा वैद्य घट्ट, रुतलेली गाठ हाताला लागली की सावध होत होता. आजचा फॉरवर्ड तिच्यावर थापट्या मारायला सांगतो.

याच परंपरेतला एक भाग मात्र सोडून द्यावा असा आहे. राग गिळला, इच्छा अपुऱ्या राहिल्या म्हणून गाठ आली, हे चिनी ग्रंथांत वारंवार येतं आणि फॉरवर्डमध्ये ‘मन मोकळं करा, गाठ मोकळी होईल’ या रूपात येतं. क्षयाचा जंतू स्वभाव पाहून शिरत नाही.

“शेवाळाची पूड गाठ विरघळवते”

इथे थोडं थांबायला हवं, कारण या दाव्यात सत्याचा अंश आहे आणि तोच घात करतो.

चिनी औषधांत दोन समुद्री शेवाळं येतात: ‘हाइझाओ’ आणि ‘कुन्बू’. ‘खारट चव कठीण ते मऊ करते’ हे त्यामागचं तत्त्व. चौथ्या शतकात गे होंगने मानेच्या गोळ्यासाठी हाइझाओ मद्यात भिजवून द्यायला सांगितलं, आणि ते काही रुग्णांत खरंच लागू पडत असणार. मात्र तो गोळा गलगंडाचा होता, म्हणजे अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा. समुद्रापासून दूरच्या डोंगराळ भागात आयोडीन कमी पडून ती ग्रंथी वाढते आणि शेवाळात आयोडीन भरपूर. आयोडीन हे मूलद्रव्यच १८११ मध्ये शेवाळाच्या राखेतून सापडलं.

क्षयाच्या गाठीचा, लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा) किंवा दाढेमुळे आलेल्या सुजेचा आयोडीनशी काही संबंध नाही. दोन्ही गोष्टी मानेत असतात, एवढंच साम्य. फरक घरी पाहता येतो: आरशासमोर हनुवटी किंचित वर करून पाण्याचा घोट घ्या. गिळताना गाठ वर सरकून खाली आली तर ती बहुधा अवटूची. लसिका ग्रंथी गिळण्याबरोबर हलत नाही.

आता ‘एक चमचा’चा हिशेब. सुक्या कोंबू जातीच्या शेवाळात ग्रॅममागे १,००० ते २,५०० मायक्रोग्रॅम आयोडीन सहज असतं. जात, समुद्र आणि धुण्याची पद्धत यांप्रमाणे ते बदलतं. लहान चमचाभर पूड ३ ग्रॅम धरली तर ३,००० ते ७,५०० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आणि अमेरिकेत मानली जाणारी वरची मर्यादा १,१००. म्हणजे एका चमच्यात गरजेच्या २० ते ५० पट, तेही रोज. शिवाय आपण आयोडीनयुक्त मीठ खातोच: घरापर्यंत पोचताना त्यात किमान १५ पीपीएम (किलोमागे १५ मिलिग्रॅम) आयोडीन असावं लागतं, म्हणजे ८ ग्रॅम मिठातून १२० मायक्रोग्रॅम मिळून जातं. वरून येणाऱ्या या ओझ्याने कुणाची अवटू ग्रंथी मंदावते, तर कुणाची, विशेषतः जुना गलगंड असलेल्यांची, भरधाव सुटते: धडधड, वजन घटणं, हात थरथरणं. गर्भवतींनी आणि थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी या पुडीच्या वाटेला जाऊच नये.

चीनच्या औषधकोशात हाइझाओची मात्रा काढ्यासाठी ६ ते १२ ग्रॅम आहे, हे खरं. पण तो गाळलेला काढा, ठरावीक मुदतीचा आणि नाडी-जीभ पाहून दिलेला. चव यावी म्हणून फॉरवर्डमध्ये ज्येष्ठमध घालायला सांगितलंय, त्याची तर गंमतच आहे. हाइझाओ आणि ज्येष्ठमध एकत्र देऊ नये, हा चिनी वैद्यकातल्या ‘अठरा विरोधां’पैकी एक प्रसिद्ध नियम. चेन शिगोंगच्याच गलगंडाच्या काढ्यात दोन्ही एकत्र आहेत आणि त्यावर वैद्यांचे वाद आजही चालतात, पण निदान वाद आहे हे त्यांना माहीत असतं.

“सहा ठिकाणी थापट्या आणि गुआ शा”

थापट्यांचा हा ‘लिम्फ रिसेट’ प्राचीन नाही. अलीकडे व्हिडिओंतून पसरलेला व्यायाम आहे. हलक्या हाताने लसिका पुढे सरकवण्याचं शास्त्रशुद्ध मालिश जरूर आहे, पण त्याची पद्धत बसवली डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने, १९३० च्या दशकात. ते वापरतात स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेसारख्या दुखण्यात. संसर्गाने लाल झालेल्या भागावर ते करू नये, हे त्याच्या पहिल्या धड्यात शिकवतात.

चापट्यांचा चिनी अवतार म्हणजे ‘पाइदा-लाजिन’. त्याचा प्रचारक शियाओ होंगची. २०१५ मध्ये सिडनीतल्या त्याच्या शिबिरात इन्सुलिन थांबवलेला टाइप १ मधुमेहाचा सहा वर्षांचा मुलगा मरण पावला. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने शियाओला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या शिबिरात मधुमेही वृद्धा दगावली. त्या प्रकरणात २०२४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही मृत्यू चापट्यांनी नव्हे, चालू औषध सोडल्याने झाले. ‘हे करा’पेक्षा ‘ते थांबवा’ जास्त घातक असतं, ते असं.

गुआ शा मात्र खरोखर चिनी आहे. पण ती घासतात पाठीवर, खांद्यावर, मानेच्या मागच्या स्नायूंवर. सुजलेल्या, तापलेल्या किंवा निदान न झालेल्या गाठीवर घासायचं नसतं. कारण उघड आहे. पू धरलेली गाठ दाबली की संसर्ग आजूबाजूच्या थरांत पसरतो. क्षयाच्या गाठीवरची कातडी पातळ झाली असेल तर ती फाटून वाहतं तोंड तयार होतं, ते महिनोन् महिने भरत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला जबड्याखाली धमनीचा संवेदनशील भाग असतो. वयस्कर माणसाच्या तिथे जोराने दाबलं तर नाडी मंदावून चक्कर येते. आणि साधी विषाणूची गाठसुद्धा रोज चिवडत बसलात तर दुखरी राहते.

“२१ दिवसांत गाठ जाते, हजारोंचा अनुभव”

जाते. काहीही न करता जाते. सर्दी-खोकला, घसा, दाढ यांमुळे आलेल्या बहुतेक गाठी दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. २१ दिवसांची मुदत त्या खिडकीत नेमकी बसते. मुलांच्या मानेत तर वाटाण्याएवढ्या गाठी अधूनमधून हाताला लागणं हे नेहमीचंच.

फसवतात त्या दुसऱ्या. क्षयाच्या गाठी कमी-जास्त होतात, काही लिम्फोमाच्याही होतात. गाठ ओसरली त्या दिवशी जे चालू होतं त्याला श्रेय मिळतं. इंग्लंड-फ्रान्समध्ये शतकानुशतकं याच गंडमाळेवर राजाच्या हस्तस्पर्शाचा इलाज चालला, हजारोंच्या रांगा लागायच्या, आणि बरे झालेले लोक खरेच होते.

चिनी परंपरेतही हा मोह आहे. १७३२ मध्ये चेंग गुओपेंगने लुओलीवर ‘शियाओलुओ वान’ ही गोळी दिली: वाफवलेलं शुआनशेन मूळ, व्हिनेगरमध्ये घोटलेलं कालवाच्या शिंपल्याचं भस्म आणि बेइमू कंद, तिन्ही चार-चार ल्यांग, म्हणजे प्रत्येकी साधारण १५० ग्रॅम, मधात वळलेल्या गोळ्या, एका वेळी तीन छियेन (छियेन म्हणजे ल्यांगचा दहावा भाग), दिवसातून दोनदा. खाली लिहितो की बरे झालेल्यांची गणतीच नाही, म्हणून मी ही कृती छापून वाटली आहे. अठराव्या शतकातला फॉरवर्डच तो. पण त्यानेही २१ दिवसांची हमी दिली नव्हती, आणि ज्यांच्या गाठी गेल्या नाहीत ते मोजणीत कधी आलेच नाहीत.

“वनस्पतीजन्य, म्हणून अपाय शून्य”

याच ग्रंथांत लुओलीच्या गाठीत सोमलाच्या वाती खुपसून ती कुजवून काढायची कृती आहे. सोमल म्हणजे आर्सेनिक. तेव्हा ‘सौम्य परंपरा’ हे चित्र सोडा.

गलगंड आणि गाठींसाठीचं आणखी एक चिनी औषध ‘हुआंगयाओझी’, म्हणजे कारांद्याच्याच जातीच्या वेलीचा कंद. कोकण-गोव्यात लावलेले कारांदे उकडून खातात, ते वेगळे. कडू रानटी कंद तसाच कुणी खात नाही. चीनमध्ये या कंदाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भरपूर आहेत, म्हणून तिथले जाणते वैद्य तो जपून आणि थोडे दिवस देतात. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘गाठ-विरघळवणी’ पुडीत तो आहे की नाही हे पाकिटावरून कळेलच असं नाही.

त्याहून वाईट म्हणजे स्टिरॉइड. ‘हर्बल’ चूर्णांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार चीनमध्येही उघड झालेत आणि भारतातही. स्टिरॉइडने गाठ आठवड्यात बसते, भूक लागते, माणूस खूश होतो. क्षय असेल तर तो आतून पसरतो. लिम्फोमा असेल तर तो तात्पुरता आकसतो आणि नंतरच्या बायोप्सीत नीट ओळखता येत नाही.

“सुई टोचू नका, कॅन्सर पसरतो”

सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हे. गाठीतून पेशी काढायची सुई २३ ते २५ गेजची असते. रक्त काढायची सुई साधारण २१-२२ गेजची, म्हणजे हिच्याहून जाड. इतक्या बारीक सुईच्या वाटेने कर्करोग रुजणं अतिशय विरळ. आणि चिनी परंपरेचं नाव घेऊन हे सांगणं तर हास्यास्पद आहे: लुओलीवर लाल तापवलेली सुई थेट गाठीत घालण्याची पद्धत तिथलीच.

काळजी घ्यायची ती वेगळ्या ठिकाणी. तंबाखू-मशेरीची सवय असलेल्या माणसाच्या जबड्याखाली घट्ट गाठ असेल तर आधी तोंड पूर्ण उघडून जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या आणि घसा पाहायचा, मग सुईची तपासणी; गाठ परस्पर चिरून काढायची नाही. क्षयाच्या गळवाला गल्लीतल्या दवाखान्यात चीर दिली तर नाडीव्रण, म्हणजे न भरणारं वाहतं तोंड, होतो. पू काढायचाच तर जाड सुईने, चांगल्या कातडीतून तिरकं जाऊन ओढून घेतात. लिम्फोमाचा संशय असेल तर सुईचा नमुना पुरत नाही, अख्खी गाठ काढून पाठवावी लागते.

नमुन्याचंही एक पथ्य आहे, ते रुग्णाच्या नातेवाइकांनी आधीच विचारून घ्यावं. काढलेलं सगळंच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकलं तर जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, होत नाही. अर्धा भाग फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला, अर्धा सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला. हे न झाल्यामुळे दुसऱ्यांदा टोचून घ्यायची वेळ अनेकांवर येते.

घरी काय पाहायचं? खुर्चीत ताठ बसा, हनुवटी किंचित खाली, स्नायू सैल. बोटांच्या पेरांनी गोल फिरवत कानामागून, जबड्याखालून, मानेच्या बाजूने खाली गळपट्टीच्या हाडामागच्या खळगीपर्यंत या. गाठ लागली तर मोजपट्टीने लांबी घ्या, तारीख लिहा, सोबत दुखते का, सरकते का, कातडी लाल आहे का. मग आठवड्याने पुन्हा, रोज नव्हे. मानेत-काखेत १ सेंटिमीटर, जांघेत दीडपर्यंतची मऊ, सरकणारी गाठ बहुधा निरुपद्रवी. तीन-चार आठवड्यांत लहान होत नसेल तर डॉक्टरकडे जा. गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीतली कुठलीही गाठ, घट्ट रुतलेली गाठ, किंवा गाठीसोबत संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणं, यात आठवडे मोजू नका. मूल गिळत नाही, लाळ गाळतंय, मान ताठ धरतंय, तर त्याच दिवशी रुग्णालय.

गाठ न तपासता लिहून दिलेला लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा कोर्सही टाळावा. ते औषध क्षयाच्या जंतूवर अर्धवट चालतं, गाठ थोडी बसते आणि निदान लांबतं.

भारतात फुफ्फुसाबाहेरच्या क्षयात सर्वाधिक आढळतो तो लसिका ग्रंथींचाच. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. या उपचारात एक गोष्ट घाबरवते आणि नेमकी त्याच वेळी लोक फॉरवर्डकडे वळतात: औषध सुरू झाल्यावर काही जणांच्या गाठी आधी वाढतात, नव्या येतात, एखादी फुटतेही. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते म्हणून हे होतं. बहुतेक वेळा तो औषध हरल्याचा पुरावा नसतो. गोळ्या थांबवायच्या नाहीत, केंद्रावर जाऊन दाखवायचं. सहा महिने पुरे झाल्यावरही वाटाण्याएवढी कडक गाठ मागे राहू शकते. ती वाढत नसेल तर तिला काहीच करायचं नसतं.